क्विल्ट ॲज डिझायर्ड म्हणे!

आमच्या घरमालकीणबाई लोकांच्या क्विल्ट शिवून देतात. बाल्टिमोरजवळच्या या घराचं तळघर म्हणजे त्यांचा कारखाना. बारा फुटी चौकट, आणि रुळांवरून फिरणारं शिलाई मशीन. याला लाँगआर्म म्हणतात. आपल्याकडे मशीन जागेवर आणि कापड सरकतं. इथे कापड ताणलेलं आणि मशीनच सरकवायचं. वरचं कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर एकत्र शिवायचं. थोडक्यात, गोधडीच.

सध्या चौकटीवर बाल्टिमोर अल्बम प्रकारची क्विल्ट आहे. १८४० च्या दशकात याच शहरात बहरलेला प्रकार. चौकोनाचौकोनात फुलांच्या परड्या, माळा, पक्षी. सगळे कापडाचे तुकडे, कडा आत दुमडून हाताने टाचलेले. गिऱ्हाईक आजीबाईंना याला सहा वर्षं लागली. आता डोळे अधू झालेत, पुन्हा अशी होणे नाही. आणि ती द्यायची दुसऱ्याच्या सुईखाली!

मी आपलं विचारलं, मशीनला कॉम्प्युटर आहे ना, मग डिझाईन टाका आणि चहा प्या की! बाई हसल्या. एकच नक्षी ओळीने भरत जायची तर तो झकास. पण हाताने टाचलेली दोन पानं कधी सारखी नसतात. टाका पानाला लगटून गेला पाहिजे, पानावर चढता कामा नये. तेव्हा कुठे पान उठून दिसतं. मागची मोकळी जागा बारीक तिरक्या जाळीने दाबायची, तीही बेताने, नाहीतर क्विल्टचा पुठ्ठा होतो. टाक्यांची लांबी सारखी ठेवायला रेग्युलेटर आहे, दिशा मात्र हाताची. परवा एका देठावर सुई चढली. जेमतेम चार इंच, पण उसवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आम्ही पडलो कंट्रोल-झेडवाले!

इथल्या नमुन्यांच्या पुस्तकांत वरचं कापड कसं करायचं ते पानोपान असतं, आणि शेवटी बऱ्याचदा एकच ओळ: 'क्विल्ट ॲज डिझायर्ड'. हवं तसं शिवा! आमच्या स्पेक्समध्ये 'एरर हँडलिंग योग्य प्रकारे करावे' असतं ना, तसलंच. १९८९ साली केंटकीतल्या पडूका गावच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने शिवलेल्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट ठरवलं, तेव्हा बरीच कुरकुर झाली होती. मशीनचं काम ते काय, हा सूर अजूनही ऐकू येतो. मला तो साफ नामंजूर.

माझं म्हणणं, क्विल्टच्या मागे जी नावाची चिठ्ठी लावतात तिच्यावर दोन नावं हवीत. प्रदर्शनात 'कुणी केली, कुणी शिवली' असं लिहितात, घरच्या क्विल्टवर मात्र बहुतेकदा एकच नाव. (आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या मावशींचं नाव मलातरी कुठे आठवतंय?) बाई म्हणतात, सहा वर्षं तिची, माझे दोन महिने. हिशोब बरोबर असेलही. पण सहा वर्षांची माती करायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती पाच मिनिटं दोन महिने रोज टाळायची, त्याचं काय?

चिठ्ठी अजून लिहायची आहे. आजीबाई शनिवारी येणार आहेत. विषय मीच काढणार. घरभाडं वाढलं तर वाढलं.