रक्त आणि अवटुग्रंथि

मागील आषाढांत आमच्या मधल्या सुनेच्या मुखावर फिकटपणा आला. जिना चढतांना तिला दम लागे, दुपारीं निजल्यावांचून उभें राहवत नसे, आणि आश्विनाच्या उकाड्यांतहि अंगावरची शाल सुटेना. घरांत मतें दोन पडलीं. आमच्या कुटुंबाचें म्हणणें, हल्लींच्या मुलींना कामाची संवय नाहीं. आमचें म्हणणें, हा पांडुरोग आहे, लोह द्यावें. दोन्ही मतें अपुरीं होतीं, आणि दुसरें आमचें असल्यामुळें तेंच तीन महिने चाललें.

लोहाच्या गोळ्या घेऊनहि हिमोग्लोबिन दहाच्या वर जाईना. अखेर डॉक्टरांनीं अवटुग्रंथीची, म्हणजे लोक जिला थायरॉइड म्हणतात तिची, तपासणी करविली. ग्रंथि मंदावली होती.

गळ्यांत श्वासनलिकेस बिलगून असलेल्या ह्या ग्रंथीचा स्राव अमेरिकेंतील केंडॉल ह्यांनीं १९१४ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. त्यापूर्वींच, १८९१ सालीं, इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें मरे नामक डॉक्टरानें मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून एका बाईवर उपचार केला होता. ती पुढें १९१९ पर्यंत जगली.

आतां रक्ताशीं ह्याचा संबंध काय? घरांत खाणारीं तोंडें कमी झालीं म्हणजे गृहिणी दूध कमी घेते, तसाच. ग्रंथि मंदावली कीं शरीराचा अग्नि मंदावतो व पेशींस प्राणवायु कमी पुरतो. मग मूत्रपिंडें एरिथ्रोपोएटिन ह्या द्रव्याच्या रूपानें अस्थिमज्जेस जो निरोप धाडतात तो क्षीण होतो, आणि तांबड्या पेशी कमी घडतात. मागणीच नसतां कारखान्यांत लोखंडाचे ढीग ओतून काय होणार? तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. म्हणून योग्य उपचारानंतरहि रक्त सुधारावयास महिने लागतात.

तरी आमचें लोह अगदींच व्यर्थ नव्हतें. ह्या विकारांत कांहीं रोग्यांच्या रक्तांतील वॉन विलेब्रांड हें गोठण्यास साहाय्य करणारें द्रव्य घटतें. अंगावर निळे डाग पडतात, स्त्रियांस मासिक स्राव अधिक होतो, आणि त्याबरोबर लोहहि जातें. हें लिहितांना आम्हांस किंचित् संकोच होतो, परंतु सुना संकोचानेंच हें सांगत नाहींत व फिकट होत जातात. उलटपक्षीं, ग्रंथीस स्वतःचा स्राव घडविण्यासहि लोह लागतेंच. मंद ग्रंथीमुळें रक्तांतील कोलेस्टेरॉलहि वाढतें, कारण यकृत तें रक्तांतून नीट उचलीत नाहीं.

ग्रंथि अति चपळ झाली तर प्रकार उलट. रक्ताची गोठण्याची प्रवृत्ति वाढते, हृदयाचा ताल बिघडून गुठळीचें भय उत्पन्न होतें. मात्र अशा रोग्यास वॉरफरिन चालू असल्यास तें नेहमींपेक्षां अधिक चढतें. गोठविणारीं द्रव्यें शरीर त्वरेनें खर्चून टाकतें ना! चपळ ग्रंथीवर कार्बिमाझोल घेणाऱ्यास ताप येऊन घसा दुखूं लागला, तर गुळण्या करीत बसूं नये. गोळी थांबवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें व पांढऱ्या पेशी मोजवाव्या. हें औषध क्वचित् त्या पेशींचा नाश करतें.

आमच्या घरीं थायरॉक्सीन सुरू झालें तरी महिनाभर गुण येईना. चौकशीअंतीं कळलें कीं, सूनबाई दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर गिळीत असे. आणि ही सोयीची युक्ति आमचीच. लोह आंतड्यांत थायरॉक्सीनला धरून ठेवतें व अंगीं लागूं देत नाहीं. आतां थायरॉक्सीन पहांटे उपाशीं पोटीं नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानें, आणि लोह किमान चार तासांनीं. एक डबी देवघराच्या कोनाड्यांत, दुसरी स्वयंपाकघरांत.

फाल्गुनांत हिमोग्लोबिन बारावर गेलें. आमच्या कुटुंबानें ती शाल घडी घालून पेटींत ठेविली, आणि हल्लींच्या मुलींचा विषय त्यानंतर आमच्या घरांत निघालेला नाहीं.