काटा खरा असेल तर हलका गडीही जिंकतो

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील लास वेगास येथे टेरेन्स क्रॉफर्ड या मुष्टियोद्ध्याने १६८ पौंड गटाचा निर्विवाद विजेता कॅनेलो अल्वारेझ याला गुणांवर हरविले. तिन्ही पंचांचा कौल क्रॉफर्डच्या बाजूने पडला. यात विशेष ते काय? विशेष हे की क्रॉफर्ड याआधी १५४ पौंडांच्या गटात खेळत होता. दोन वजनगट ओलांडून, म्हणजे सुमारे सव्वासहा किलो वर चढून त्याने हा विजय मिळविला. हलक्या गटातील गडी वर जाऊन विजेत्याला धूळ चारू शकतो काय, या जुन्या वादाला या लढतीने पुन्हा तोंड फुटले. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडच्या पारावर बसलेल्यांना लास वेगासशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आमचे स्पष्ट मत आहे की देणेघेणे आहे, आणि ते थेट आपल्या पोरांच्या हाडामांसाशी आहे.

आधी इतिहास पाहू. १९४१ साली बिली कॉन हा हलका योद्धा हेवीवेट विजेत्या जो लुईसपुढे उभा राहिला. दोघांच्या जाहीर वजनात पंचवीस पौंडांचा फरक होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा कॉन गुणांत मागे नव्हता. तेराव्या फेरीत तो चपळाई सोडून ठोशाला ठोसा द्यायला गेला आणि आडवा झाला. १९८५ साली मायकेल स्पिंक्सने मात्र ही चूक केली नाही. त्याने योजनापूर्वक वजन वाढविले, पंधरा फेऱ्या डोके शांत ठेवले आणि तोवर एकदाही न हरलेल्या लॅरी होम्सचे हेवीवेट विजेतेपद हिसकावून घेतले. २०१६ साली आमिर खान हा ब्रिटिश मुष्टियोद्धा वर चढून याच अल्वारेझशी भिडला आणि सहाव्या फेरीत बेशुद्ध पडला. म्हणजे उत्तर 'हो' असेही आहे आणि 'नाही' असेही आहे. मग फरक कशाने पडतो?

वजन म्हणजे नुसता आकडा नव्हे. जड गड्याचा ठोसा जड असतो, आणि ठोसा पचविण्याची ताकदही त्याच्याकडे जास्त असते. हलक्याकडे पाय असतात, वेग असतो, दम असतो. हा वेग शाबूत ठेवून अंगात बळ भरायला वेळ लागतो, पोटभर सकस अन्न लागते, जाणता वस्ताद लागतो. ज्याला हे मिळाले तो स्पिंक्स होतो, क्रॉफर्ड होतो. त्यातही क्रॉफर्डने वर जाण्याचा निर्णय स्वतः घेतला होता, आणि तयारी करूनच तो रिंगणात उतरला होता. स्वतःच्या मर्जीने वर जाणे वेगळे आणि दुसरी वाट नाही म्हणून वर ढकलले जाणे वेगळे. आमच्या माणसांच्या वाट्याला बहुधा दुसरा प्रकार आला आहे.

मेरी कोमचे उदाहरण घ्या. २०१० पर्यंत तिने पाच जागतिक विजेतेपदे मिळविली, ती ४५, ४६ आणि ४८ किलो गटांत. २०१२ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या मुष्टियुद्धाला प्रथमच जागा मिळाली, पण वजनगट तीनच ठेवले गेले आणि त्यांतला सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता. मेरीला वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. उपांत्य फेरीत ती निकोला ॲडम्सकडून हरली. पुढे ॲडम्सनेच सुवर्णपदक जिंकले. मेरीचे कांस्यपदक मोठे आहेच. पण नियम करणाऱ्यांनी ४८ किलोची रेघ ओढली असती तर त्या पदकाचा रंग कोणता असता, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे.

आता आपल्या मातीकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलो गटात उतरले, म्हणजे एक गट वर चढले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन परतले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्याबरोबर खाशाबांना रशियाच्या मल्लाशी लढण्यास बोलाविले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो मागणारा कोणीतरी उभा असावा लागतो. कोर्टात आम्ही हे रोज पाहतो. खाशाबा पाच किलोंनी हरले नाहीत, त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता म्हणून हरले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

आणि आपला बीड जिल्हा? पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. दुसऱ्याच वर्षी नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत तो ६१ किलो गटात उतरला. उपांत्य फेरीत जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेने त्याला रोखले आणि तोच पुढे जगज्जेता ठरला. पण राहुलने अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून कांस्यपदक आणले. मात्र ६१ किलो हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. तेथे ५७ नंतर एकदम ६५ आहे. मधल्या मापाच्या मल्लाने एक तर उपाशी राहून खाली यावे, नाही तर चार किलो जास्त असलेल्यांशी झुंजावे. खाली येण्याची किंमत काय असते ते २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाटच्या वाट्याला आले. अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरले आणि हाताशी आलेले पदक गेले.

दिंद्रुड आणि आसपासच्या गावांत जत्रेच्या फडात जोड कशी लावतात? नजरेने. पंच दोन पोरांचे दंड चाचपतात, खांद्याला खांदा लावून बघतात आणि हलगी वाजते. साठ किलोच्या पोरापुढे सत्तर किलोचा गडी उभा राहतो आणि लोक टाळ्या पिटतात. हलका जिंकला तर फेटा बांधतात, मान मुरगळली तर गर्दी पांगते. ज्या जिल्ह्यात उसाची प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते, त्या जिल्ह्यात पोराला काट्यावर कोणी चढवीत नाही! काटा मारणे म्हणजे काय, हे ऊसतोड कामगाराला शिकवावे लागत नाही. तालमीतल्या त्याच्या पोराचाही असाच काटा मारला जातो. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन फडावर जातात. अंग भरण्याच्या वयात हे पोर एक तर त्यांच्यामागे जाते, नाही तर गावात अर्धपोटी राहते. त्याने वरच्या गटात जाऊन विजेत्याला पाडावे ही अपेक्षा करायला आपल्याला काय अधिकार आहे?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक यात्रा समितीने फडावर वजनकाटा ठेवावा आणि वजन जाहीर करूनच जोड लावावी. अठरा वर्षांखालील मुलाला जास्त वजनाच्या गड्यापुढे उभे करू नये, त्याचा बाप राजी असला तरीही. हंगामात मागे राहणाऱ्या खेळाडू मुलांच्या दूध-खुराकाची सोय पंचायतीने आणि शासनाने करावी. आणि गावची पोरे बाहेर स्पर्धेला जातील तेव्हा नियम वाचलेला, वेळप्रसंगी लेखी हरकत घेणारा एक माणूस त्यांच्यासोबत जावा. वकील मंडळींनी हे काम अंगावर घ्यावे असे आमचे आवाहन आहे.

हलका गडी विजेत्याला हरवू शकतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. खाशाबांनी वर चढून पदक आणले, राहुलनेही आणले. पण घर गहाण ठेवणारा प्राचार्य प्रत्येक गावाला लाभत नाही, आणि एखाद्याच्या चांगुलपणावर पोरांचे नशीब टांगून ठेवणे याला व्यवस्था म्हणत नाहीत. वर चढायचे की नाही हे दिंद्रुडच्या पोराने स्वतः ठरवावे, भरल्या पोटी ठरवावे. खरा काटा आणि पुरेसे अन्न ही आपली जबाबदारी आहे. पुढची कुस्ती तो मारील.