गळणारी फ्लशची टाकी आणि आपलं आठवं व्रत



आजचा विषय संडासातल्या फ्लशच्या टाकीचा आहे. नाक मुरडू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय घरातला आहे तसा धर्माचाही आहे.

चातुर्मास सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. रोह्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, पत्र्यावर नुसता धो धो. त्या संध्याकाळी मी प्रतिक्रमणाला बसले आणि मध्येच पाऊस थांबला. घर एकदम शांत झालं. तेव्हा भिंतीपलीकडून बारीक आवाज कानावर आला, स्स्स... मधूनच टाकी भरल्याचा खळखळाट, परत स्स्स. हा आवाज नवीन नव्हता. उन्हाळ्यापासून, चांगले तीन महिने तो चालू होता आणि कानाला त्याची सवय होऊन गेली होती. नेमकी मी तेव्हा सात लाख सूत्रावर आले होते. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागताना पृथ्वीकायानंतर दुसरं नाव अप्कायाचंच येतं. तोंडाने मी पाण्याच्या जीवांची क्षमा मागत होते आणि पाठीमागे माझ्याच घरात ते वाहून जात होते. मिच्छामि दुक्कडं म्हणताना त्या दिवशी घशात अडखळलं.

रात्री ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "चालतंय ना? प्लंबरला सांगितलंय." सांगितलं होतं खरं, दोनदा. त्याला नव्या इमारतींची मोठी कामं, एका वॉशरसाठी तो कशाला धावत येईल? त्याचं काही चुकत नाही. चुकत होतं आमचंच.

मी बी.कॉम. झालेले. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी टाकीचं झाकण काढलं, पाण्याच्या पातळीवर आत पेन्सिलने रेघ मारली आणि खालचा अँगल कॉक बंद केला. तासाभराने पाहिलं तर पाणी रेघेच्या बरंच खाली. स्वयंपाकघरातल्या लिटरच्या मापाने परत रेघेपर्यंत भरलं, साधारण दोन लिटर लागलं. तासाला दोन म्हणजे दिवसाला ४८ लिटर. तीन महिन्यांचे ४,३२० लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या चार भरून उरेल इतकं पाणी, आणि त्यातला एक थेंबही कुणी वापरला नाही. शिवाय ते वर चढवायला मोटर चालली ती वेगळीच.

हा तोटा इतके दिवस दिसला का नाही? कारण आमची पाणीपट्टी वर्षाची ठरलेली. कितीही पाणी गेलं तरी आकडा तोच. ज्याचं बिल येत नाही ते नुकसान वहीत चढत नाही, आणि वहीत नसलेलं नुकसान माणसाला नुकसान वाटत नाही. पण कर्माची वही पाणीपट्टीच्या पावतीवरून लिहिली जात नाही.

आता मुद्द्याचं बोलते. श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं व्रत अनर्थदंड विरमण. संसारात राहून हिंसा पूर्ण टळत नाही हे आपल्या धर्माला ठाऊक आहे. चूल पेटते, पाणी लागतं, धान्य शिजतं. त्यात गरज असते, त्याला अर्थ असतो. पण ज्या हिंसेतून कुणाचंच काही साधत नाही, ती अनर्थदंड. त्याच्या चार प्रकारांत एक आहे प्रमादाचरण, म्हणजे निष्काळजीपणाने घडणारं पाप. गळणाऱ्या टाकीइतकं त्याचं चोख उदाहरण मला दुसरं सुचत नाही. अंघोळीचं पाणी अंग स्वच्छ करतं, भांड्यांचं पाणी भांडी. हे पाणी काहीच करत नाही, फक्त जातं.

आणखी एक गोष्ट पाहा. सतत पाणी उतरत राहिलं की भांड्याला हिरवट ओघळ धरतो, आजूबाजूची ओल वाळत नाही. तिथे लीलफूग धरते. मग आपण ब्रश आणि अ‍ॅसिड घेऊन ती खरवडायला बसतो. एका झिजलेल्या वॉशरपायी अप्कायाबरोबर अनंतकायाचीही विराधना.

आपण बायका पाणी गाळून घेतो, उकळून पितो, गळणं रोज धुऊन वाळवतो. सुनेला पहिल्या आठवड्यात शिकवतो ते हेच. पिण्याच्या दहा लिटरची एवढी जयणा आणि संडासातल्या ४८ लिटरकडे पाठ, हे मला आता पटत नाही. टाकीतलं पाणी काही वेगळं नसतं. गच्चीवरच्या त्याच टाकीतून ते येतं जिथून स्वयंपाकघरात येतं. घाण भांड्यात असते, टाकीत नाही. तिला हात लावायला लाज कसली?

काही जणी म्हणतील, "आपल्या रोह्यात पाण्याची काय ददात आहे?" खरंय, कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. पण का वाहते? घाटमाथ्यावर मुळशीला अडवलेलं पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि तिथून कुंडलिकेत येतं. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला तो त्यासाठीच. दुसऱ्याचं शेत बुडून आलेलं पाणी आहे हे. ते फुकटचं कसं म्हणायचं?

माझं माहेर पेणचं. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं. आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं वणवण केली. माझ्या वर्गात खारेपाटातली एक मुलगी होती. उन्हाळ्यात ती हमखास उशिरा यायची, आधी हंडे भरून यायची म्हणून. सरकारच्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं आहे. माझी टाकी रोज ४८ लिटर सोडत होती. जवळजवळ एका माणसाच्या वाटणीचं.

तर मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. आधी दोष कुठे आहे ते बघा. टाकीच्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर दोन शक्यता. आतल्या उभ्या नळीच्या तोंडावरून पाणी सांडत असेल तर फ्लोट नीट बसत नाही. त्याचा स्क्रू फिरवून पातळी खाली घ्यायची, तरी थांबलं नाही तर पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बदलायचा. पाणी नळीच्या तोंडाखाली असूनही रंग उतरला तर तळाचं वॉशर गेलं. आमचं तेच होतं.

अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा. आतल्या भागांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, परत बसवताना उपयोगी पडतो. दोन बटणांच्या टाकीत मधला खांबासारखा भाग बहुतेक वेळा डावीकडे थोडा फिरवला की सुटून वर येतो. जोर लावू नका, प्लॅस्टिक तुटतं. त्याच्या तळाशी रबराची किंवा सिलिकॉनची गोल चकती असते, तेच वॉशर. आमचं कडक होऊन एका बाजूला चपटं झालं होतं. जुनं वॉशर बरोबर घेऊनच दुकानात जा, कारण मापं वेगवेगळी असतात. मी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात ते पिशवीतून काढलं तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, प्लंबरला पाठवायचं ना." मी म्हटलं, "आज प्लंबर मीच." चाळीस रुपये लागले. नवं बसवण्याआधी ते जिथे टेकतं ती कड मऊ कापडाने पुसून घ्या. तिथे क्षार साचलेला असला तर नवं वॉशरही गळतं. मग सगळं परत बसवून पाणी सोडा आणि रंगाची परीक्षा पुन्हा करा. आणि टाकीत त्या निळ्या गोळ्या टाकत असाल तर थांबवा, काहींमधल्या क्लोरीनने रबर लवकर खराब होतं.

मला पाऊण तास लागला. सून व्हिडिओ कॉलवर म्हणत होती, "आई, तुम्ही राहू द्या, मी आले की बघू." ती दिवाळीला येणार. तोपर्यंत आणखी किती लिटर गेले असते, तो हिशेब तिला सांगितला तेव्हा गप्प बसली. ह्यांनी मात्र टाकीला कान लावून पाहिलं आणि म्हणाले, "बी.कॉम. फुकट नाही गेलं."

मीरा रोडचे आबिद सुरती तुम्हाला माहीत असतील, ‘बहादूर’ चित्रकथेचे लेखक. २००७ पासून दर रविवारी ते एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका घेऊन लोकांच्या घरी जात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. हे गृहस्थ आपल्या समाजाचे नाहीत, त्यांनी आठव्या व्रताचे पच्चक्खाण घेतलेले नाहीत. दुसऱ्यांच्या घरातले नळ त्यांनी बंद केले. आपल्याला निदान आपल्या घरातला करता यायला हवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दर पाखीच्या दिवशी प्रतिक्रमणाला बसण्याआधी घरातला प्रत्येक नळ आणि फ्लशची टाकी एकदा बघायची. दोन मिनिटांचं काम आहे. गळत असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करायचं, जमेल तर स्वतः, नाहीतर प्लंबर येईपर्यंत अँगल कॉक बंद ठेवून बादलीने पाणी टाकायचं. ज्याची क्षमा मागायची ते आधी थांबवायचं, मग मागायची.

आता संध्याकाळी पाऊस थांबला की घरात खरंच शांत असतं.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.