पोस्टर पुरे, गोळ्या वेळेवर द्या

माझ्या मामूंनी भिवंडीत उभे आयुष्य यंत्रमागावर काढले. टीबी झाला, औषध सुरू झाले आणि तिसऱ्या महिन्यात केंद्रावरच्या गोळ्या संपल्या. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे दोनदा ऐकले, दोन्ही दिवसांची मजुरी बुडाली. भिंतीवर जनजागृतीचे पोस्टर मात्र नवे कोरे होते.

भारत 2025पर्यंत क्षयमुक्त होणार होता. झाला नाही. जगातले सुमारे चौथा हिस्सा रुग्ण आजही आपल्याच देशात आहेत. निधी वाढवा, ही मागणी रास्तच. पण आहे तो नीट वापरा! सहा महिन्यांचा कोर्स मध्येच तुटला की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार कित्येक पट महाग पडतो. गोळ्यांतली काटकसर हीच खरी उधळपट्टी.

आहाराचेही तेच. झारखंडमधल्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यातला टीबी 39 टक्क्यांनी घटला. आपल्याकडे महिना 1000 रुपये फक्त रुग्णाला. घरच्यांची टोपली देणगीदारांच्या मर्जीवर.

दोस्तांनो, ही खैरात नाही, हक्क आहे. आपापल्या केंद्राला माहिती अधिकारात विचारा: औषधसाठा किती दिवसांचा? पैसे खात्यात कधी जमा झाले? उत्तर लेखीच घ्या.