आधी माशांचे बोला

पूर्व चीन समुद्रातल्या सेंकाकू बेटांवर आज कुणीही राहत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मासे सुकवण्याचा जपानी कारखाना होता, दोनशेवर माणसांची वस्ती होती. १९४० मध्ये बेटे ओस पडली. उओत्सुरी या सर्वांत मोठ्या बेटावर आता शेळ्या चरतात. जपानमधल्या एका उजव्या संघटनेने मालकी दाखवायला १९७८ मध्ये एक जोडी सोडली होती. तिचा विस्तार शेकड्यांत गेला. त्यांनी झाडोरा फस्त केला, उतारांवरची माती उघडी पडली, आणि जगात फक्त याच बेटावर आढळणारा चिचुंद्रीएवढा एक बिळकरी प्राणी नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. शेळ्यांचा बंदोबस्त करायचा तर बेटावर उतरावे लागेल. बेटे जपानच्या ताब्यात असली तरी त्यांच्यावर चीनचाही दावा आहे; तो वाद वाढू नये म्हणून जपान सरकार कुणाला उतरू देत नाही.

त्याच १९७८ मध्ये टोकियोत आलेले चीनचे नेते देंग श्याओपिंग यांनी बेटांचा विषय तूर्त बाजूला ठेवू, पुढची पिढी अधिक शहाणी असेल, असे सांगितले होते. तसा काही समझोता झाल्याचे जपान मान्य करत नाही. तरीही बरीच वर्षे उभयतांनी निभावून नेले. घडी विस्कटली ती २०१२ मध्ये. टोकियोचे गव्हर्नर इशिहारा यांनी बेटे विकत घेण्याची घोषणा केली. त्यांना रोखायला केंद्र सरकारनेच सप्टेंबरात २०५ कोटी येन मोजून तीन बेटे खासगी मालकाकडून घेतली. चिनी शहरांत जपानी दुकाने आणि मोटारी फोडल्या गेल्या. तेव्हापासून चिनी तटरक्षक जहाजे बेटांभोवती घिरट्या घालू लागली, आज तर जवळपास रोजच. २०२१ च्या चिनी कायद्याने त्यांना परकी जहाजांवर शस्त्र चालवण्याची मुभाही दिली. ही उघड दांडगाई आहे आणि तिला दांडगाईच म्हटले पाहिजे.

तिची झळ बसते ती १७० किलोमीटरवरच्या इशिगाकी या जपानी बेटावरच्या मच्छीमारांना. चिनी जहाज पाठलागावर असताना मासेमारीचा गळांचा दोर पाण्यात कसा सोडणार?

या बेटांवर तैवानचाही दावा आहे. २०१२ मध्ये तैवानी मासेमारी नौका तिथे घुसल्या आणि दोन्हीकडच्या तटरक्षकांनी एकमेकांवर पाण्याचे फवारे मारले. सातच महिन्यांत, १० एप्रिल २०१३ रोजी, जपान आणि तैवान यांनी मासेमारी करार केला. मालकीचा प्रश्न तसाच ठेवला, बेटांभोवतीचे बारा सागरी मैल वगळले, बाकी ठरावीक पाण्यात दोन्हीकडच्या नौकांना मुभा दिली. जपानमधल्या ओकिनावाचे मच्छीमार भडकले, आणि त्यांचा राग रास्त होता: ट्यूनाच्या हंगामात तैवानी दोर त्यांच्या दोरांत अडकत आणि टोकियोने सही करताना त्यांना विचारलेच नव्हते. पण पुढे भांडण उरले ते दोन नौकांत किती मैल अंतर ठेवायचे यावर. असे भांडण टेबलावर मिटवता येते.

जपान आणि चीन यांच्यात २०१८ पासून समुद्रातल्या अपघाती चकमकी टाळण्यासाठी संपर्कव्यवस्था आहे, पण ती संरक्षण दलांपुरती. रोज समोरासमोर येणारी तटरक्षक जहाजे तिच्याबाहेर आहेत. त्यांना तातडीने त्या व्यवस्थेत आणा, मालकीचा शब्दही न काढता बेटांलगतच्या पाण्यातल्या मासेमारीचे नियम ठरवा, आणि त्या बोलण्यांत इशिगाकीच्या मच्छीमारांना पहिल्या दिवसापासून बसवा.