गुंतवणूक परवडते, तोटा परवडत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावसारख्या तालुक्याच्या गावात मध्यमवर्ग कोणता, हे ओळखायला आयकराचे टप्पे लागत नाहीत. जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, औषध दुकानदार, कृषी सेवा केंद्राचा मालक, पतसंस्थेतला कारकून आणि दहा-बारा एकर ओलित सांभाळून पोराला नांदेडला ‘नीट’च्या शिकवणीला ठेवणारा शेतकरी, अशी ही घरे. त्यांना सध्या दोन गोष्टी एकदमच ऐकाव्या लागतात. मोबाइलवरची जाहिरात म्हणते, महिन्याला पाचशे-हजार टाका, म्हातारपणी कोटीत खेळाल. घरातली मोठी माणसे म्हणतात, ते आपले काम नव्हे, आपले भागते तेवढे पुष्कळ. दोन्ही बोलण्यांत अर्धेच सत्य आहे. या घरांना गुंतवणूक परवडते आणि ती घरे गुंतवणूक करतातही. त्यांना परवडत नाही तो तोटा. संपत्ती उभी राहायची असेल, तर परतावा किती या प्रश्नाआधी फटका किती सोसवेल, या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल.

हातात काही उरतच नाही, हा पहिला आक्षेप. तो आकड्यांवर तपासता येतो. नाबार्डने २०२१-२२ या वर्षासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीत पन्नास हजारांपेक्षा कमी वस्तीची गावेही धरली होती, म्हणजे महागाव ज्या प्रकारात मोडते तीच. त्या पाहणीनुसार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १२,६९८ रुपये होते आणि खर्च ११,२६२ रुपये. उरले साधारण चौदाशे. यात मजूर, अल्पभूधारक सगळेच आले, तेव्हा पगारदार किंवा दुकानदाराच्या घरात याहून अधिक उरते, असे मानायला हरकत नाही. पण त्याच पाहणीत ५२ टक्के कुटुंबांवर कर्ज होते. म्हणजे शिल्लक आहे, पण तिच्यावर आधीच कोणाचा तरी हक्क आहे. जे उरते ते जाते कुठे, हे २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने दाखवले. ग्रामीण कुटुंबांच्या मालमत्तेत दहापैकी नऊ रुपये जमीन आणि घरात अडकलेले, ठेवींचा वाटा जेमतेम पाच टक्के. नागपूर-तुळजापूर महामार्गालगतच्या कुठल्याही गावाबाहेर ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाट्या दिसतात, त्याचे कारण हेच. हा वर्ग गुंतवणूक करत नाही म्हणणे चुकीचे आहे. तो प्लॉट घेतो, सोने घेतो, ओळखीच्या एजंटाकडून विमा पॉलिसी घेतो, भिशी लावतो, पिग्मीवाल्याला रोज शंभर रुपये देतो. मात्र यातले बरेचसे अडीअडचणीला एकतर मोडता येत नाही, किंवा मोडले तर नुकसानीत जाते.

शहरी सल्ला इथे लागू पडत नाही, याचे आणखी एक कारण आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दरमहा ठरावीक तारखेला खात्यातून पैसे जाणारी योजना, म्हणजे एसआयपी, एक तारखेच्या पगारावर बेतलेली असते. तालुक्याच्या गावातला पैसा महिन्यावर चालत नाही, तो हंगामावर चालतो. जूनमध्ये कृषी सेवा केंद्रातून बियाणे, खत, औषध उधारीवर जाते. वहीत नाव आणि आकडा लिहिला जातो. सोयाबीन निघते, कापूस वेचला जातो, तेव्हा दिवाळीच्या आगेमागे त्या वहीतली नावे एकेक करून खोडली जातात. पावसाने दडी मारली किंवा ऐन काढणीत झोडपले, तर ती नावे पुढच्या वर्षावर जातात. किराणा, कापड, सोने-चांदी, औषध या सगळ्या दुकानांचा गल्ला त्याच वहीच्या मागे चालतो. अशा दुकानदाराने दरमहा दोन हजारांची एसआयपी सुरू केली, तर ऑगस्टात हप्ता चुकणार आणि बँक वर दंड लावणार. त्याला सोयीचे आहे ते हंगाम आटोपल्यावर एकरकमी टाकणे. टपाल किंवा बँकेतल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, म्हणजे पीपीएफमध्ये, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये कधीही भरता येतात. म्युच्युअल फंडातही पैसे एकदम टाकायची मुभा असते. शिस्त पाहिजेच, पण ती आपल्या हंगामाची असावी, पुण्या-मुंबईच्या पगाराची नव्हे.

आता तोट्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि ठेवीदारांना प्रत्येकी पाच हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, परवानाच रद्द झाला. ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळण्यास साधारण ७९ टक्के ठेवीदार पात्र आहेत, असे तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितले. ठेवीवरचा विमा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेला होता आणि २०२१ च्या कायदादुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद केली होती, म्हणून हे शक्य झाले. ज्यांच्या ठेवी पाच लाखांच्या वर होत्या, त्यांची वरची रक्कम मात्र अवसायनाच्या फेऱ्यात अडकली. निवृत्तीची ग्रॅच्युइटी, जमीन विकून आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सात-आठ लाख एकाच ठिकाणी ठेवायची आपली सवय इथे नडते. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट ही पतसंस्था अडचणीत आली, तेव्हा तिच्या ठेवीदारांना तर पाच लाखांचेही कवच नव्हते, कारण ती बँक नव्हती आणि पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा लागू होत नाही. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज कशासाठी मिळते, याचे उत्तर ठेवीदाराला पैसे बुडाल्यावर कळते.

परतावा आणि तोटा यांतला हा फरक मध्यमवर्गाला कळत नाही असे नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत लागलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालते आणि तो पैसा राष्ट्रीय पेन्शन योजनेत रोख्यांबरोबर शेअर बाजारातही जातो. म्हणजे शेअर बाजाराच्या नावाने नाक मुरडणारे गुरुजीही न विचारता गुंतवणूकदार झालेले आहेत. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. त्यांचा वाद परताव्याच्या टक्केवारीशी नव्हता. बाजार पडला तर फटका कोणी सोसायचा, सरकारने की साठीतल्या माणसाने, एवढाच तो वाद होता. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना मंजूर केली, लगोलग महाराष्ट्रानेही. २५ वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या वर्षातल्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन देण्याची हमी तीत आहे. संघटित वर्गाने भांडून तोट्याला मर्यादा घालून घेतली. औषध दुकानदाराला, कंत्राटी नर्सला, पतसंस्थेतल्या कारकुनाला अशी मर्यादा घालून देणारे कोणीही नाही.

यावर कोणी म्हणेल, सोने आणि जमीन असताना बाजाराच्या नादी लागायचेच कशाला? दहा वर्षांपूर्वी तोळ्याला पंचवीस-तीस हजारांच्या घरात असलेले सोने एप्रिल २०२५ मध्ये लाखावर गेले, ते कुठल्या फंडाने दिले? सोन्याने दिले हे खरे. पण आपल्याकडे सोने दागिन्यांच्या रूपात असते. घेताना मजुरी जाते, मोडताना घट जाते आणि एकंदरीत ते मोडलेच जात नाही, फार तर गहाण पडते. कागदावर वाढलेली किंमत घरातल्या अडचणीला उपयोगी पडत नसेल, तर ती संपत्ती असूनही आधार नसते. जमिनीचे तर आणखी अवघड. अकृषक परवानगी नसलेला, तुकडेबंदीच्या कायद्यात अडकलेला दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा दहा वर्षांनी दुप्पट किमतीचा म्हणून मिरवता येतो, पण मुलाच्या प्रवेशाची फी भरायची वेळ आली की गिऱ्हाईक मिळत नाही. सोने आणि जमीन घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. सगळी शिल्लक त्यातच जाते, हे चुकते.

दुसरा आक्षेप, शेअर बाजार म्हणजे सट्टा. याला सेबीच्याच आकड्यांनी बळ दिले आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारात उतरलेल्या वैयक्तिक सौदेबाजांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि मिळून १.८ लाख कोटींहून अधिक रुपये गमावून बसले. मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी हा आकडा पुरेसा आहे. मात्र वायदे बाजार आणि पंधरा-वीस वर्षांसाठी निर्देशांकात टाकलेला पैसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीतही घसरण असते. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स वर्ष संपायच्या आत नऊ हजारांखाली आला होता, मार्च २०२० मध्ये तो २६ हजारांखाली गेला. दोन्ही वेळा तो सावरला आणि पुढे गेला, पण त्याचा फायदा मिळाला तो थांबू शकलेल्यालाच. घरात कोणी दवाखान्यात असताना, हप्ते थकलेले असताना थांबता येत नाही. पडत्या भावात विकावे लागते आणि मग ‘बाजाराने बुडवले’ ही कहाणी गावभर होते. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी महिना तीन टक्क्यांच्या घरातले क्रेडिट कार्डाचे आणि खासगी सावकाराचे कर्ज फेडणे, मग चार-सहा महिन्यांचा खर्च राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपालात, मग कमावत्या माणसाचा स्वस्त मुदत विमा आणि त्यानंतर उरेल तेवढेच बाजारात.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. एवढे करूनही संपत्ती होते का? हिशेब करून पाहू. महिन्याला हजार रुपये वीस वर्षे टाकले आणि सरासरी दहा टक्के परतावा मिळाला, तर भरलेल्या २ लाख ४० हजारांचे सुमारे साडेसात लाख होतात. महागाई पाच टक्के धरली, तर त्याची आजची किंमत तीन लाखांच्या आत. पाच हजार टाकणाऱ्याचे अडतीस लाख होतात, आजच्या हिशेबात चौदा लाख. याला आधार म्हणता येईल, श्रीमंती नव्हे. करोडपती करणारी जाहिरात महागाई वगळून बोलते. ज्या शिक्षण सेवकाने २०२३ पर्यंत महिना सहा हजारांवर तीन वर्षे काढली, त्याला बचतीचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा होती. ते मानधन सोळा हजार झाले, त्याने त्याच्या बचतीसाठी जेवढे केले तेवढे कुठल्याही आर्थिक साक्षरतेच्या शिबिराने केले नसते. हेच सरकारी दवाखान्याला लागू होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळण्याची सोय आता सर्वांना आहे. ती पुसद, यवतमाळ, नांदेडच्या दवाखान्यांत खऱ्या अर्थाने चालली, तर घराघरांतली आजारपणासाठी दडवलेली रक्कम गुंतवणुकीला मोकळी होईल.

तेव्हा मध्यमवर्गाला संपत्ती परवडते का, याचे उत्तर निम्मे घरात आहे आणि निम्मे घराबाहेर. घराने करायचे ते वर आले. बाहेरच्यांनी करायच्या कामांत एक काम तातडीचे आहे. तालुक्यातला छोटा पैसा आजही सर्वाधिक विश्वासाने पतसंस्थेत जातो आणि नेमक्या त्याच पैशाला बँकेसारखा विमा नाही. पतसंस्थांकडून वर्गणी घेऊन त्यांच्या ठेवींना निदान ठरावीक रकमेपर्यंत कायदेशीर संरक्षण देणे आणि ते नसेपर्यंत ‘या ठेवीला विमा नाही’ हे वाक्य प्रत्येक पासबुकाच्या पहिल्या पानावर मराठीत छापणे सक्तीचे करणे, एवढे सहकार खात्याला करता येण्याजोगे आहे. गुंतवणूक करा, हे सांगणारे खूप झाले. तोटा झाला तर तो कुठवर जाईल, हे पैसे घेण्याआधीच सांगायला त्यांना भाग पाडले पाहिजे.