धावपट्टीच्या पलीकडचा देश

परदेशातून येणारी बरीच विमाने मुंबईत मध्यरात्री किंवा पहाटे उतरतात. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बसलेल्या प्रवाशाला खाली दिव्यांचा अथांग पसारा दिसू लागतो. चाके धावपट्टीला लागतात, मागच्या आसनांवरून चार टाळ्या वाजतात आणि दोन-तीन वर्षांनी घरी येणाऱ्या माणसाचे डोळे नकळत भरून येतात. हे डोळे भरून येणे खोटे नसते. न्यू जर्सीत पंधरा वर्षे काढलेल्या, मोठ्या पगाराच्या, एरवी अत्यंत व्यवहारी अशा गृहस्थाचीही त्या क्षणी हीच अवस्था होते.

यानंतर अर्ध्या तासात काय घडते, तेही सर्वांना ठाऊक आहे. सामान उशिरा येते, रांग मोडून कोणी पुढे घुसतो, बाहेर भाड्यावरून हुज्जत घालावी लागते, आणि ज्याचे डोळे नुकतेच ओले झाले होते तोच गृहस्थ कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "हा देश काही सुधारायचा नाही!" घरी राहिलेली मंडळी मग त्याच्या अश्रूंना नाटक म्हणतात आणि त्याच्या आठ्यांना माज. दोन्ही निदाने उथळ आहेत. माणूस एकच आहे, त्याचे प्रेमही खरे आहे. मात्र ते प्रेम विमानतळाच्या दारापर्यंत येऊन थांबले आहे. आपली भूमी म्हणजे नकाशावरची आकृती किंवा वरून दिसणारे दिवे, एवढीच कल्पना मनात धरली की असेच होणार.

मातृभूमीपासून दूर असलेल्यांच्या तळमळीची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्वातंत्र्यवीर सावरकरांना सुचलेले गीत आजही घरोघरी गायले जाते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकायला गेले, तेथे गदर चळवळीत ओढले गेले आणि १९१४ साली बोटीने मायदेशी परतले. त्या परतीचा शेवट १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या फाशीघरात झाला. वर्ध्याच्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या वाट्याला याहून वेगळी शिक्षा आली. इंग्रजांचे राज्य असेपर्यंत त्यांना मायदेशाचे दार बंदच होते. मेक्सिकोत मका आणि गव्हाच्या वाणांवर काम करीत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली आणि स्वातंत्र्यानंतर उतारवयात ते भारतात आले. या तिघांपैकी कोणाला घरी येण्याचे मोल पैशात मोजता आले नाही. आज ते मोल तिकिटाच्या किमतीएवढे आहे. वाट सोपी झाली ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ज्याची वाट सोपी, त्याच्या भक्तीची कसोटी डोळ्यांतल्या पाण्याने लागत नाही. ती अन्यत्र शोधावी लागते.

देशाने आपल्या बाजूने हात आखडता घेतलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. १९९० साली सद्दामच्या सैन्याने कुवेत गिळले, तेव्हा एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीयांना घरी आणले. २०२० च्या मे महिन्यात जग घराघरांत कोंडले गेले असताना 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुटली. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा बसगाड्यांवर तिरंगा लावून सीमेपर्यंत पोहोचलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी परत आणले. डॉक्टर होण्यासाठी तेथे गेलेली ही बहुतेक मुले मध्यमवर्गीय घरांतली होती. अनेकांच्या आईवडिलांनी कर्ज काढून त्यांना पाठवले होते. संकटात सापडलेल्याला त्या वेळी कोणी विचारले नाही की, तू देश सोडून का गेलास? पारपत्रावरची तीन सिंहांची मुद्रा पुरेशी ठरली.

आता बीड जिल्ह्याकडे वळू. परदेशी गेलेल्या पुत्राच्या देशभक्तीचा हिशेब मांडायला याहून योग्य जागा सापडणे कठीण. या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे. पण खुद्द बीड शहराला पहिली गाडी पाहण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली! मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तिशीचे झाले, तेव्हा गाडी बीडपर्यंत आली. दिवस निवडला गेला तो मराठवाडा मुक्तिदिनाचा. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी या भागाला तिरंग्यासाठी आणखी तेरा महिने रझाकारांशी झुंजावे लागले होते, याची आठवण त्या निमित्ताने काहींना तरी झाली असेल.

म्हणजे मुंबईला उतरलेल्या अंबाजोगाईच्या माणसाला अजूनही चारशेहून अधिक किलोमीटर सडकेने जायचे असते. पुणे, अहिल्यानगर, आष्टी, जामखेड, मांजरसुंबा, केज. सोळा तासांच्या विमानप्रवासापेक्षा हे नऊ-दहा तास त्याला अधिक लांब वाटतात आणि तसे तो बोलूनही दाखवतो. वस्तुतः त्याचा देश याच रस्त्यावर सुरू झालेला असतो.

हा माणूस परदेशी कसा पोहोचला? अंबाजोगाई म्हणजे आद्यकवी मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी. येथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडवले. त्यांच्याच नावाने, ग्रामीण भागाला डॉक्टर मिळावेत या हेतूने, १९७० च्या दशकात येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. शासकीय महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी जे शुल्क भरतो, त्यात त्याच्या शिक्षणाचा खरा खर्च कधीच निघत नाही. उरलेला खर्च समाज करतो. काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारा, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी डॉक्टर झाला नाही असा माणूसही तो करतो. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सांगितली. समाजऋण हे चौथे. बँकेचे कर्ज फेडल्याशिवाय झोप न लागणारा मध्यमवर्गीय या चौथ्या कर्जाबाबत मात्र निवांत असतो, कारण त्याची नोटीस येत नाही.

नोटीस येत नाही, याला आणखी एक कारण आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. अमेरिकेतला भारतीय बहुधा डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत येतो. हवा छान असते, हुरडा असतो, लग्नसराई असते. नेमक्या त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातली खेडी अर्धी रिकामी असतात. दसरा-दिवाळी झाली की लाखो ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार भरून कोल्हापूर, सांगली, सातारा आणि थेट कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, पहाटेच्या थंडीत फड सुरू होतो आणि पाडव्याच्या आगेमागे, कधी त्याहून उशिरा, ही माणसे गावी परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवलेली मुले. ज्यांना मागे ठेवायची सोय नसते ती मुले आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांचे शाळेतले नाव पटावर असते, मूल नसते.

तेव्हा डिसेंबरात गावी गेलेल्या या पाहुण्याला त्याच्या चौथीच्या वर्गातला शेजारचा गडी भेटतच नाही. दोघेही पोटासाठी घर सोडून गेलेले, दोघांचीही मुले आजोळच्या भाषेला किंवा शाळेला पारखी होण्याची भीती. एक बारा हजार किलोमीटर गेला, दुसरा तीनशे. पहिल्याला 'अनिवासी' असा प्रतिष्ठित शब्द आहे, त्याच्यासाठी २००३ पासून ९ जानेवारीचा 'प्रवासी भारतीय दिवस' आहे. वर्षातले सहा महिने दुसऱ्याच्या बांधावर राहणाऱ्याला असा शब्द नाही. दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, एवढ्या साध्या कारणाने एक अख्खा समाज एका सुशिक्षित, साधनसंपन्न आणि देशावर मनापासून प्रेम करणाऱ्या वर्गाच्या नजरेआड राहतो.

नजरेआड काय राहते, हे २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. एक दिवस कामाला खाडा पडला तर दंड, मासिक पाळीत फडावर ना आडोसा ना पाणी; त्यात साध्या तक्रारीसाठी गेलेल्या बाईला कर्करोगाचे भय दाखवले जाई. पुन्हा शस्त्रक्रियेचा खर्च मुकादमाच्या उचलीतून, म्हणजे पुढच्या हंगामाचा घाम आधीच गहाण. ज्या जिल्ह्यात ग्रामीण जनतेसाठी म्हणून वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, त्या जिल्ह्याची ही कथा आहे. कोणा परदेशस्थ डॉक्टरने हे घडवले, असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. पण "घाबरू नको, हे काढायची गरज नाही" असे तिला सांगणारा एक जाणता, निर्लोभी आवाज तेथे कमी पडला हे तर खरे?

येथे पुण्या-मुंबईच्या वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. अंबाजोगाईहून कोथरूडला येऊन स्थिरावलेला आणि तीन वर्षांतून एकदा कुलदैवताला गावी जाणारा गृहस्थ परदेशस्थांना देशभक्तीचे धडे देतो, तेव्हा हसू येते. त्याचेही वैद्यकीय वा अभियांत्रिकीचे शिक्षण त्याच करांतून झाले आणि तोही डिसेंबरातच जातो. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे ठरवले तरच तो जवळचा.

परदेशस्थांनी काय करावे, यावर दोन टोकांची उत्तरे नेहमी दिली जातात. एक : सगळे सोडून परत या. दुसरे : पैसे पाठवा. पहिले उत्तर देणारा बहुधा स्वतः काही सोडत नाही. दुसऱ्याचे मोल कमी नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारापासून दुष्काळात चारा छावण्यांपर्यंत परदेशातला पैसा उपयोगी पडला आहे. परंतु पैसा पाठवणे म्हणजे पुन्हा विमानतळापर्यंतच येणे. नागरिकत्वाची गाठ त्यापेक्षा घट्ट असते. २०१० च्या कायदादुरुस्तीने भारतीय पारपत्र राखून असलेल्या अनिवासी भारतीयांना आपल्या मूळ मतदारसंघात मत नोंदवण्याचा हक्क मिळाला. अट एकच, प्रत्यक्ष केंद्रावर यायचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अशा सुमारे १ लाख १९ हजार नोंदणीकृत मतदारांपैकी तीन हजारांहूनही कमी आले आणि त्यांतले बहुसंख्य एकट्या केरळचे होते. आखातात राबणारा केरळी माणूस मतासाठी तिकीट काढतो. मराठी माणूस समाजमाध्यमांवर उमेदवारांची रेवडी उडवून झोपी जातो. हे बोचणारे आहे, पण आकड्यांपुढे इलाज नाही.

ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले, त्यांचा मताचा हक्क संपला. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यांना मिळते ते 'ओसीआय' पत्र. त्यावर आयुष्यभर व्हिसाविना येता येते. मात्र भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन तेवढी वारसाहक्काने ठेवता येते. कायद्याने मत काढून घेतले आणि बापाची काळी माती मात्र हाती राहू दिली. परदेशी बसून ती पाच एकर विकायची घाई झालेल्यांनी या तरतुदीवर एकदा शांतपणे विचार करावा. पाचर मारून ठेवलेला तोच एक खुंटा आहे. तो उपटला की गावात जाण्याचे निमित्त उरत नाही आणि पुढच्या पिढीला तर गावाचे नावही उरत नाही.

अमेरिकेतल्या शाळांना मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट अशी असते. या काळात मुंबईत पाऊस असतो, विमाने उशिरा उतरतात, नातेवाईक म्हणतात, "आत्ता कशाला येता, चिखल असतो." पण याच दिवसांत बीडच्या बालाघाटावर पेरण्या चालू असतात. ऊसतोड कामगार घरी असतात, मुले शाळेत असतात. अंगावर दुखणे काढत फडावर वावरलेल्या बाया प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर येऊन बसतात. पंधरा दिवसांच्या सुट्टीतले चार दिवस एखादी परदेशस्थ स्त्रीरोगतज्ज्ञ तेथे, स्थानिक डॉक्टरांच्या सोबतीला, बसू शकते. तिच्या न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीला शेजारच्या शाळेत, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, मुलांना गोष्ट सांगता येईल. मुले तिच्या उच्चारांना हसतील आणि तिला दुरुस्तही करतील. तिकिटाचे पैसे डिसेंबरात लागतात तेवढेच जूनमध्येही लागतात. प्रवासही तेवढाच, मुंबईच्या दिव्यांनंतर आणखी चारशे किलोमीटर.